ठमी ठकीला ओळखत का नाही?

पत्र : ताई, नमस्कार. आमच्याकडे ठमी आणि ठकी या दोन मांजरी आहेत, सख्ख्या बहिणी. एकाच वेतातल्या, आता तीन वर्षांच्या. एकीचं डोकं दुसरीच्या पोटावर असल्याशिवाय झोप नाही, अशी गट्टी. दोन आठवड्यांपूर्वी ठकीने माझ्या गजऱ्याचा दोरा गिळला. उलट्या सुरू झाल्या, आतड्याचं ऑपरेशन करावं लागलं आणि तीन रात्री ती दवाखान्यात राहिली. घरी आणल्यावर ठमी आनंदाने धावत आली, टोपलीतल्या टॉवेलचा वास घेतला, तोंड वेडावून बघत राहिली आणि मग अशी फिसकारली की माझ्या हातून टोपली सुटली. तेव्हापासून नऊ दिवस झाले, ठकी दिसली की ठमी अंगावर जाते. ठकीला आम्ही आतल्या खोलीत ठेवलंय. ती रात्रभर दाराशी 'म्याव म्याव' करते, बाहेर बसलेली ठमी साधं उत्तरही देत नाही. मी घर दोनदा फिनेलने पुसून काढलं. ह्यांनी रविवारी दोघींना बाथरूममध्ये बंद केलं, म्हणाले भांडतील आणि मिटवतील. ठकीच्या नाकावर ओरखडा आला. सासूबाई विचारताहेत, दवाखान्यात मांजर बदललं तर नाही ना? शेजारच्या काकू ठकीला न्यायला तयार आहेत. देऊन टाकू का? सख्खी बहीण अशी कशी विसरते हो?
— एक वाचक, डोंबिवली

उत्तर : नमस्कार.

आधी तुमच्या सासूबाईंची शंका घेते, कारण सगळ्या पत्रात मुद्द्याच्या सर्वांत जवळ त्याच पोचल्या आहेत. ठमीलाही नेमकी हीच शंका आली आहे. घरातून ठकी गेली आणि तीन दिवसांनी ठकीच्या रूपात भलतीच कुणीतरी आली, असं तिच्या हिशेबात घडलंय. सासूबाईंनी अंगावरचे ठिपके पाहून खात्री करून घेतली असेल. ठमी ठिपक्यांवर जात नाही.

मांजरांच्या घरात आपलं कोण आणि परकं कोण, हे नाकाने ठरतं. गालांवर, हनुवटीखाली, कान आणि डोळ्यांच्या मधल्या विरळ केसांच्या जागेत, शेपटीच्या मुळाशी आणि पंजांच्या गाद्यांमध्ये त्यांच्या गंधग्रंथी असतात. ठमी दाराच्या चौकटीला, फ्रिजच्या कोपऱ्याला, तुमच्या पिंढरीला गाल घासते ती खाज सुटली म्हणून नव्हे. ती तिथे आपला वास लावत असते. दोन मांजरांची गट्टी असेल तर त्या एकमेकींना अंग घासतात, एकमेकींची डोकी आणि माना चाटतात, आणि त्यातून दोघींचा मिळून एक वास तयार होतो. प्रत्येक घरच्या गोड्या मसाल्याला त्या घरचा म्हणून एक वास असतो ना, तसा. फरक एवढाच की मसाला वर्षाचा एकदम करून ठेवता येतो. हा वास रोज घासून, रोज चाटून ताजा ठेवावा लागतो.

ठकी तीन दिवस या देवघेवीबाहेर होती. परतली तेव्हा तिच्या अंगाला स्पिरिट, आयोडीन, पिंजऱ्याचं जंतुनाशक, शेजारच्या पिंजऱ्यातले घाबरलेले कुत्रे आणि आमच्यासारख्यांचे हात, असे सगळे वास होते. तीस वर्षं जनावरांचा दवाखाना चालवल्यावर हे मान्य करायला मला संकोच वाटत नाही : मांजराच्या जगात आमच्याइतकी वाईट वासाची जागा दुसरी नसेल. त्यात तिच्या गळ्यात प्लॅस्टिकचा कॉलर असणार, म्हणजे स्वतःला चाटून तो वास धुवायचीही सोय नाही.

ठमीने तोंड वेडावलं असं तुम्ही लिहिलंय. ती नापसंती नव्हती, ती तपासणी होती. मांजरांच्या वरच्या पुढच्या दातांमागे, टाळूत, दोन बारीक छिद्रं असतात आणि ती जेकबसन नावाच्या इंद्रियाकडे जातात. दुसऱ्या जनावराचा वास नीट 'वाचायचा' असेल तेव्हा मांजर वरचा ओठ उचलून, तोंड अर्धवट उघडं ठेवून काही क्षण गोठल्यासारखं राहतं. ठमीने टॉवेल त्या दुसऱ्या नाकाने वाचला आणि त्यात ठकीचं नाव सापडलं नाही.

दिसण्यानेही घोटाळा वाढवला असणार. ओटीपोटावर टाके असलेलं मांजर अंग आखडून, दबकत, हळू चालतं. शिकारीवर निघालेलं मांजरही साधारण तसंच चालतं. काही वेदनाशामक औषधांनी मांजरांच्या डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या होतात, आणि मोठ्या बाहुल्या म्हणजे भीती किंवा हल्ल्याची तयारी. कॉलरमुळे कान आणि मिश्या झाकल्या जातात. म्हणजे ज्या ज्या गोष्टी बघून ठमीने ओळखलं असतं की ही बाई शांत आहे, त्या सगळ्या एकतर लपलेल्या किंवा उलट्या. ठमीच्या जागी मी असते तर मीही फिसकारले असते.

इथे एक गोष्ट घट्ट धरून ठेवा. फिसकारणं हा रागाचा आवाज नाही. 'लांब राहा, मला भीती वाटते आहे' एवढाच त्याचा अर्थ. तुम्ही ठमीला हल्लेखोर आणि ठकीला बिचारी ठरवून टाकलंय, असं पत्राच्या सुरावरून वाटतं. घरात सध्या दोन घाबरलेल्या मांजरी आहेत आणि त्यातली जास्त घाबरलेली कदाचित ठमी आहे. ठकीला निदान घर ओळखीचं वाटतंय. ठमीच्या घरात मात्र परकी शिरली आहे.

आता दाराशी चाललेल्या 'म्याव'विषयी. यावरून तुमचं मन सर्वांत जास्त दुखलंय हे कळतं, पण इथे गैरसमज आहे. मोठी मांजरं एकमेकांशी म्याव करून फारशी बोलतच नाहीत. पिल्लं आईला हाक मारताना म्याव करतात, वाढल्यावर ते सुटतं. माणसांसोबत राहणारी मांजरं मात्र ते आयुष्यभर आपल्यासाठी राखून ठेवतात, कारण आपण त्याला उठून प्रतिसाद देतो. 1944 साली मिल्ड्रेड मोएल्क या अमेरिकन अभ्यासक बाईंनी मांजरांच्या आवाजांची उच्चारशास्त्राच्या पद्धतीने नोंद केली. तोंड मिटून काढलेले, तोंड उघडून मिटताना काढलेले आणि तोंड ताणून उघडं ठेवून काढलेले, अशा तीन गटांत त्यांनी सोळा प्रकार मांडले. घुरघुर आणि स्वागताचा तो 'म्र्रर्र' पहिल्या गटात, म्याव दुसऱ्यात, फिसकारणं आणि भांडणाचं केकाटणं तिसऱ्यात. तर ठकी रात्रभर जे ओरडते ते ठमीला उद्देशून नाही, ते तुम्हाला उद्देशून आहे : 'दार उघडा.' ठमीने उत्तर दिलं नाही कारण तिला कुणी काही विचारलंच नव्हतं.

(घुरघुरीचंही सांगून ठेवते, कारण पुढे तुम्ही त्यावर विसंबाल. घुरघुर म्हणजे सुख, हे अर्धसत्य आहे. दुखणारी, भ्यालेली, अगदी शेवटच्या घटका मोजणारी मांजरंही घुरघुरताना मी टेबलावर पाहिली आहेत. ठकी खोलीत घुरघुरते म्हणून ती मजेत आहे, असं धरू नका.)

तुमच्या यजमानांच्या बाथरूम-प्रयोगाबद्दल मी रागावणार नाही, कारण माझ्याही खात्यावर एक चूक जमा आहे. प्रॅक्टिसच्या सुरुवातीच्या वर्षांत अशाच दोन मांजरींच्या मालकिणीला मी 'राहू द्या एकत्र, दोन दिवसांत मिटेल' असं बिनधास्त सांगितलं होतं. मिटलं नाही. त्या मांजरी पुढे जन्मभर दोन वेगळ्या खोल्यांत राहिल्या. आपण कुत्र्यांवरून आणि पोराबाळांवरून अंदाज बांधतो. कुत्र्याचा पूर्वज लांडगा कळपाने शिकार करायचा, भांडण झालं तरी दुसऱ्या दिवशी एकत्र निघावंच लागायचं, त्यामुळे समेटाच्या खाणाखुणा त्याच्या रक्तात आहेत. मांजराचा पूर्वज म्हणजे आफ्रिकी रानमांजर. ते एकट्याने उंदीर धरतं आणि एकट्याने खातं, वाटून घ्यायला त्यात उरतं काय? ते धान्याच्या कोठारांमागून माणसापर्यंत आलं. सायप्रस बेटावर माणसाशेजारी पुरलेलं मांजर सापडलंय, ते साधारण साडेनऊ हजार वर्षांपूर्वीचं. एवढ्या काळात त्याने आपल्याशी आणि आपापसांत जमवून घ्यायला बरंच शिकून घेतलं, पण भांडण मिटवण्याची त्याची मुख्य युक्ती अजून जुनीच आहे : बाजूला होणे. बाथरूममध्ये तीच काढून घेतली. शिवाय 'ही परकी घातकी आहे' हा ठमीचा अंदाज खरा करून दाखवला.

म्हणजे मांजरं एकलकोंडी असतात का? मुळीच नाही. सकाळी कुठल्याही मासळी बाजारात जाऊन बघा. जिथे खाणं भरपूर आणि एका जागी, तिथे भाट्यांचे गट जमतात. आया, मुली, बहिणी, मावश्या. एकमेकींच्या शेजारी वितात, एकमेकींच्या पिल्लांना पाजतात. मी ससून डॉकला एका कोळणीच्या पाटीमागे तीन भाट्या पाळीपाळीने एकाच ढिगातली पिल्लं पाजताना पाहिल्या आहेत. आणि बाहेरचं मांजर आलं की त्याच तिघी एक होऊन फिसकारतात. तुमच्या घरात आत्ता हेच चाललंय, फक्त 'बाहेरचं' म्हणून चुकीच्या मांजरावर बोट ठेवलं गेलं आहे.

तेव्हा उपाय एकच : ठकीला पुन्हा घरचा वास यायला हवा, आणि तो ठमीला घाई न करता, पोट भरलेलं असताना, पळायला वाट मोकळी असताना घेता यायला हवा. बाकी सगळी त्याची कलमं.

फिनेल आजपासून बंद. तुम्ही स्वच्छतेसाठी पुसलंत, पण ठमीने तीन वर्षं चौकटींना आणि कोपऱ्यांना लावलेला घरचा वासही त्यासोबत गेला. तिच्या दृष्टीने मांजर परकं आणि घरही परकं. शिवाय काळ्या फिनेलातली फिनॉलसारखी द्रव्यं मांजराच्या यकृताला पचवता येत नाहीत, आणि ओल्या लादीवर चालून मांजर पंजे चाटतंच. पांढरं फिनेलही नको. फरशी गरम पाण्याने पुसा. चौकटींचे खालचे दोन वीत तर काही दिवस पुसूच नका.

ठकी आतल्या खोलीतच राहू दे, पण शिक्षा म्हणून नव्हे. तिथे तिचं खाणं, पाणी, वाळूचा ट्रे आणि वर चढून बसायला काहीतरी हवं. तुम्ही रोज थोडा वेळ तिच्यापाशी बसा. दोघींच्या अंथरुणातली जुनी, न धुतलेली फडकी अदलाबदल करा. ठमीचं ठकीच्या खोलीत, ठकीचं बाहेर. फडकं जमिनीवर ठेवायचं आणि आपण लांब व्हायचं. ते नाकाला लावायचं नाही. 'घे गं, बहिणीचं आहे' वगैरे तर अजिबात नाही. पहिल्या दिवशी ठमी फडक्यावरही फिसकारली तर बिघडलं नाही. ती त्यावरून चालत गेली, किंवा त्यावर बसली, की समजा गाडी रुळावर येते आहे. एकच ब्रश दोघींच्या गालांवरून आळीपाळीने फिरवा. हे काम एरवी त्या एकमेकींच्या जिभांनी करायच्या.

मग जेवण. बंद दाराच्या दोन्ही बाजूंना दोन बशा, सुरुवातीला दारापासून चार-पाच फूट लांब. आवडीचं खाणं याच वेळी द्यायचं, एरवी नाही. दोघी निवांत खात असतील तर बशा रोज थोड्या थोड्या दाराकडे सरकवा. खाणं मध्येच सोडून दाराकडे टक लावली, की तुम्ही घाई केलीत, बशी मागे. दाराला चिकटून दोघी खाऊ लागल्या की दार दोन बोटं किलकिलं करून अडसर लावा. मग जाळी किंवा लहान मुलांसाठी दारात लावतात तसलं फाटक. एकमेकींसमोर मोकळं सोडणं सर्वांत शेवटी, आणि तेही पाच-दहा मिनिटं, जेवायच्या वेळी. टाके निघून कॉलर उतरेपर्यंत समोरासमोर आणायचंच नाही. कॉलर निघाल्यावर ठकीला एक-दोन दिवस स्वतःला मनसोक्त चाटू द्या. तिच्या स्वतःच्या वासाचं अर्धं काम ती स्वतःच करेल.

किती दिवस लागतील ते ठमी ठरवेल. काही घरांत आठवड्यात जमतं, काही घरांत दोन-दोन महिने जातात. बाथरूममुळे तुमचे दोन-चार दिवस वाढले असं धरून चाला.

समोर आल्यावर कशाकडे बघायचं, ते नीट वाचा, कारण घरोघरी इथेच चूक होते. लोक आवाज ऐकतात. थोडं फिसफिस झालं की धावतात आणि शांतता असली की निर्धास्त होतात. खरा त्रास बरेचदा बिनआवाजी असतो. एक मांजर दाराच्या उंबऱ्यावर किंवा ट्रेच्या वाटेत नुसती बसते, पापणी न हलवता बघत राहते, आणि दुसरी मुकाट्याने परत फिरते. आपल्याला वाटतं, छान शांत झाल्या. प्रत्यक्षात एकीची नाकेबंदी झालेली असते. अशा वेळी ओरडू नका, टाळ्या वाजवू नका. मधे एखादा पुठ्ठा किंवा उशी सरकवून नजर तोडा आणि दोघींना दोन दिशांना खेळवत न्या. दोन मांजरांना तीन ट्रे, तेही वेगवेगळ्या जागी, हा आम्हा मंडळींचा जुना हिशेब अशा नाकेबंदीवरच आधारलेला आहे. डोंबिवलीच्या फ्लॅटमध्ये तिसरा ट्रे कुठे ठेवू, असं तुम्ही म्हणाल. एक सुक्या बाल्कनीत, महिनाभर. पाहुण्यांना काय वाटायचं ते वाटू दे.

चांगली खूण कोणती? शेपटी. मांजर शेपटी काठीसारखी उभी करून, टोक जरासं वळवून चालत येतं तेव्हा ते दुरूनच सांगतं की मनात काही नाही. इंग्लंडमध्ये शार्लट कॅमेरॉन-बोमाँट यांनी 1990 च्या दशकात मांजरांच्या काळ्या आकृत्या कापून घरातल्या मांजरांना दाखवल्या होत्या. शेपटी उभी असलेली आकृती दिसली की ती मांजरं स्वतःची शेपटी उभारून जवळ जात. खाली असलेल्या शेपटीच्या आकृतीकडे तशी जात नसत. शेपटीचे केस बाटली धुवायच्या ब्रशसारखे पिंजारले तर अर्थ उलटा, हे सांगायला नको. एकमेकींच्या नाकाला नाक लावणं, तोंड मिटून 'म्र्रर्र' करणं, एकमेकींकडे बघून डोळे सावकाश मिटणं, किंवा एकीने पाठ करून शेजारी बसणं, हे सगळं जमेच्या बाजूचं. पाठ करणं आपल्याकडे अपमान असेल, मांजरांत तो विश्वास आहे.

पुढे कधीतरी त्या एकमेकींवर झेपावतील आणि तुमच्या काळजाचं पाणी होईल. तेव्हा आधी बघा : पाळी बदलते आहे का, मधे मधे थांबतात का, नख्या आत आहेत का. आवाज नसेल आणि खालची मांजर सुटल्यावर पळून न जाता परत येत असेल, तर तो खेळ. एकच मांजर सतत वर, कान मागे चपटे, केकाटणं, असं असेल तर खेळ नाही. या दोन्हींच्या मधलंही बरंच काही असतं. 2023 साली एका युरोपीय संशोधक गटाने मांजरांच्या जोड्यांचे 105 व्हिडिओ तपासले, तेव्हा त्यांनाही 'खेळ' आणि 'भांडण' यांच्या मधला एक तिसरा गट वेगळा मांडावा लागला होता. तेव्हा तुम्हाला चटकन कळलं नाही तर वाईट वाटून घेऊ नका.

शेजारच्या काकूंना सध्या नाही म्हणा. ठकी आता तिथे गेली तर पोटावरच्या जखमेसकट आणखी एक परकी जागा तिच्या वाट्याला येईल, आणि इथे ठमीचा तरी काय फायदा? तीन महिने नीट प्रयत्न करून नाहीच जमलं, तर मला पुन्हा लिहा. दोन मांजरी एका घरात सलोख्याने वेगळ्या राहू शकतात, तोही एक संसार आहे. त्यांची गट्टी पूर्वीसारखीच होईल असं वचन मी देत नाही. पण एकत्र वाढलेल्या, तीन वर्षं एकमेकींच्या पोटावर झोपलेल्या मांजरींचं जमण्याची शक्यता नव्याने आणलेल्या मांजरांपेक्षा मला पुष्कळ जास्त वाटते.

दोन गोष्टी डॉक्टर म्हणून. ठकीने एक दिवसाहून जास्त खाणं सोडलं तर थांबू नका, तुमच्या डॉक्टरांना फोन करा. उपाशी मांजराच्या यकृतात चरबी साचते आणि ते जिवावर बेतू शकतं. ती कुबड काढून बसत असेल, टाक्यांजवळ हात लावू देत नसेल तर तिला दुखतंय, आणि दुखणाऱ्या मांजराची कुणाशीच दिलजमाई होत नाही. पण घरातली पॅरासिटामॉल देऊ नका, अर्धीसुद्धा नाही. मांजराला ती विष आहे. पुढच्या वेळी कुणालाही दवाखान्यात न्यायचं झालं तर टोपलीत घरातलं वापरलेलं फडकं घाला, आणि परत आणल्यावर पहिले काही तास वेगळ्या खोलीत ठेवून मगच भेट घडवा, मग ती दवाखान्याची फेरी नुसत्या लसीची का असेना.

राहिला गजरा. तो जरूर माळा. फक्त रात्री काढल्यावर आरशासमोर ठेवायचा नाही. फुलं देवापुढे, नाहीतर कुंडीत, आणि दोरा झाकणाच्या डब्यात. राखीचे, पतंगाचे, शिवणाच्या डब्यातले दोरेही तिथेच. पुन्हा कधी मांजराच्या तोंडातून किंवा मागून दोऱ्याचं टोक लोंबताना दिसलं, तर ओढू नका आणि कापूही नका. आत तो आतड्यात अडकलेला असतो आणि ओढला की करवतीसारखा चालतो. तसंच उचलून दवाखान्यात आणा.